मोटारगाडीचा ‘इंजिन तपासा’ दिवा : तो पुनःपुन्हा का लागतो व त्याची चौकशी कशी करावी

मोटारगाडी ही एके काळी जहागीरदाराच्या वाड्यापुढे उभी राहणारी वस्तू होती. आज ती मध्यम प्रतीच्या बागायतदाराच्या ओट्यापाशी ट्रॅक्टरच्या शेजारी उभी असते. बाजार समितीत मालाचा भाव पाहण्यास जावयाचे असो, कचेरीत तारखेस हजर राहावयाचे असो, किंवा रात्री-अपरात्री घरातील आजारी माणसास तालुक्याच्या दवाखान्यात न्यावयाचे असो, तिच्यावाचून आता भागत नाही. सबब बैलाच्या खुराची जशी आपण काळजी वाहतो, तशी या यंत्राचीही वाहणे प्राप्त आहे.

गाडीच्या तबकडीवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. त्यास ‘चेक इंजिन’चा दिवा म्हणतात. या दिव्याविषयी पुष्कळ गृहस्थांची एकच तक्रार असते, ती अशी की, गाडी गॅरेजात नेली म्हणजे दिवा विझतो आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा लागतो. प्रत्येक खेपेस एखादा नवा भाग बसतो, पावती होते, पण दिवा काही पाठ सोडीत नाही. असे का होते व ते कसे टाळावे, हे या लेखात क्रमाने सांगावयाचे आहे. प्रस्तुत लेखकास यंत्रशास्त्राचे शिक्षण नाही. परंतु चौकशीच्या कागदांत त्याचा जन्म गेला आहे, आणि या दिव्याचे प्रकरण मुळात चौकशीचेच प्रकरण आहे, हे वाचकांच्या लवकरच ध्यानात येईल.

दिव्याची उत्पत्ती

हा दिवा मालकाच्या सोयीसाठी जन्मास आला नाही. तो हवेच्या शुद्धतेसाठी आला. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर धुरकट झाकळ पसरून लोकांचे डोळे चुरचुरत. सूर्यप्रकाशात मोटारींच्या धुरापासून हे विष तयार होते, असे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्निया प्रांताने १९८८ च्या नमुन्यांच्या गाड्यांपासून असा नियम केला की, धूर वाढविणारा बिघाड गाडीने स्वतःच ओळखून मालकास कळवावा. १९९६ पासून सर्व अमेरिकेत याची सुधारलेली व एकसारखी पद्धत मोटारगाड्यांस लागू झाली. तिलाच ओ.बी.डी. दोन असे म्हणतात. आपल्या देशात भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर २०१० पासून ओ.बी.डी. आली, २०१३ पासून तिचा दुसरा टप्पा लागू झाला, व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे अधिक कडक नियम देशभर अमलात आले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, दिवा लागला म्हणजे इंजिन मोडले असे नव्हे. धूर नियमाबाहेर जाण्याजोगी काही गोष्ट घडली आहे, एवढाच त्याचा प्रथम अर्थ होय. मात्र जी गोष्ट धूर बिघडविते तीच बहुधा पेट्रोल अधिक खाते आणि पुढे महाग भागाचा नाश करते. म्हणून दुर्लक्ष करणेही परवडत नाही.

कोड म्हणजे तक्रारअर्ज, निकाल नव्हे

इंजिनाचा कारभार ई.सी.यू. नावाची एक लहानशी पेटी पाहते. किती हवा आत गेली, पाणी किती तापले, इंजिन किती वेगाने फिरते, जळालेल्या धुरात प्राणवायू किती उरला, याची वर्दी निरनिराळे सेन्सर तिला क्षणोक्षणी देत असतात. आलेली वर्दी अपेक्षेबाहेर गेली म्हणजे पेटी त्या तक्रारीस एक क्रमांक देऊन दप्तरी ठेवते व दिवा लावते. हा क्रमांक म्हणजेच कोड.

कोडमध्ये एक इंग्रजी अक्षर व चार चिन्हे असतात. ‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअर यांचे. त्यापुढे शून्य असल्यास तो कोड सर्व कंपन्यांस समान असतो. एक असल्यास त्या कंपनीचा स्वतःचा असतो. त्यानंतरच्या अंकावरून खाते कळते : १ म्हणजे हवा व इंधन यांचे मोजमाप, २ म्हणजे इंजेक्टरचे विद्युत्‌मार्ग, ३ म्हणजे ठिणगी व ज्वलन चुकणे, ४ म्हणजे धूर शुद्ध करणारी साधने. शेवटचे दोन अंक त्या खात्यातील नेमकी तक्रार दाखवितात.

आता महत्त्वाची गोष्ट ही की, तक्रारअर्जात ज्याचे नाव आहे तोच गुन्हेगार, असे कोणताही शहाणा अंमलदार धरीत नाही. तो आधी जागेवर जाऊन पंचनामा करतो. कोडाचेही तसेच आहे. ‘पी ०१७१’ हा कोड सांगतो की, मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा अधिक झाली आहे. ही वर्दी प्राणवायूच्या सेन्सरने दिलेली असते. पुष्कळ ठिकाणी हा कोड दिसताच तो सेन्सरच बदलतात. सेन्सर तर खरे बोलत होता! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे. आणि चोर मोकळाच राहिल्यामुळे दिवा पुन्हा लागतो.

दिवा विझविणे वेगळे, दोष काढणे वेगळे

स्कॅनरवरील एक कळ दाबली की दप्तरातील सर्व कोड पुसले जातात व दिवा विझतो. यास अर्धे मिनिटही लागत नाही, व त्याने गाडीतील एक स्क्रूही हलत नाही. दिवा मग काही दिवस शांत राहतो, त्यास कारण आहे. बहुतेक दोष एकदा दिसल्याबरोबर दिवा लागत नाही. तोच दोष लागोपाठ दोन किंवा अधिक फेऱ्यांत आढळावा लागतो. शिवाय काही तपासण्या ठराविक वेग, ठराविक उष्णता व टाकीत ठराविक पेट्रोल असल्याखेरीज सुरूच होत नाहीत. सबब विझलेला दिवा हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे.

इतकेच नव्हे, तर पुसण्यात मोठी हानी आहे. कोड नोंदला जातो त्या क्षणीची गाडीची स्थिती, म्हणजे वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याची उष्णता व इंजिनावरील भार, हीही पेटी टिपून ठेवते. या टिपणास ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. हा घटनास्थळाचा आयता पंचनामाच होय. आणि कोड पुसताच तोही नाहीसा होतो. याकरिता नियम असा धरावा : टिपून घेतल्याशिवाय कोड पुसू नये व पुसू देऊ नये. गाडी हमीच्या मुदतीत असल्यास तर हा पुरावा मालकाच्या हिताचा आहे.

उलट, दोष खरोखर दूर झाला असल्यास पुसण्याची फारशी गरजच नसते. लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा सामान्यतः आपोआप विझतो, व इंजिन चाळीस वेळा थंड होऊन पुन्हा पुरते तापले की कोडही दप्तरातून निघून जातो.

दिवा लागताच काय करावे

प्रथम दिव्याचा रंग व वागणूक पाहावी. तेलाच्या झारीचा अथवा उष्णतेचा तांबडा दिवा हा वेगळा. तो लागताच गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा स्थिर असेल व गाडी नेहमीप्रमाणे चालत असेल, तर सावकाश घरी किंवा गॅरेजात जाण्यास हरकत नाही. परंतु तोच दिवा लुकलुकू लागला व गाडी हिसके देऊ लागली, तर एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न जळता बाहेर पडत आहे असे समजावे. हे पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते व त्याची आतील जाळी वितळविते. या भागात प्लॅटिनम, पॅलॅडियम व रोडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. त्याची किंमत देताना एखाद्या हंगामाचा नफा खर्ची पडतो. सबब लुकलुकत्या दिव्यावर गाडी पळवू नये.

त्यानंतर पुढील क्रम ठेवावा.

१. कोड वाचावा. स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्यापाशी, १६ टोकांचे एक खोबण असते. त्यात बसणारा व मोबाइलवर कोड दाखविणारा लहान स्कॅनर आता सहज मिळतो. चार शेजाऱ्यांत मिळून एक घेतला तरी पुरतो. काम झाले की तो काढून ठेवावा, नाही तर तो बॅटरी खात राहतो.

२. कोड व फ्रीझ फ्रेम वहीत लिहून घ्यावी. कोड अनेक असल्यास सर्व लिहावे.

३. बॅटरी तपासावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असतो. स्टार्टर मारताना दाब फार खाली गेल्यास एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम उमटतात. अशा वेळी चार सेन्सर बदलण्यापेक्षा बॅटरीची टोके घासून घट्ट करावी.

४. बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहावे. निसटलेली नळी, तडकलेले रबर, सैल प्लग, कुरतडलेली वायर, नीट न बसलेले एअर फिल्टरचे झाकण, यांस पैसा पडत नाही; व पुष्कळ प्रकरणांचा निकाल येथेच लागतो.

५. यानंतरच परीक्षा करावी, आणि परीक्षेने दोषी ठरलेलाच भाग बदलावा.

पहिले उदाहरण : पी ०१७१

एक प्रकरण कल्पून पाहू. चार सिलिंडरांची पेट्रोल गाडी आहे. तिच्यात आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो मीटर आहे. दिवा लागला, कोड ‘पी ०१७१’ निघाला. एकदा पुसला, सहा दिवसांनी पुन्हा आला. पुढचा प्राणवायूचा सेन्सर बदलला; दहा दिवसांनी पुन्हा आला. आता फ्रीझ फ्रेम पाहिली, तर वेग शून्य, इंजिनाचे फेरे मिनिटास ७८०, पाण्याची उष्णता ८८ अंश. म्हणजे तक्रार उभ्या गाडीत, तापल्या इंजिनावर, रेस न देता उद्भवली आहे.

येथे स्कॅनरवरील ‘फ्युएल ट्रिम’ हे दोन आकडे पाहावे. एक तात्कालिक, दुसरा दीर्घकालीन. प्राणवायूच्या सेन्सरची वर्दी ऐकून पेटीने ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढविले वा घटविले, हे ते दाखवितात. दोहोंची बेरीज शून्याच्या आसपास असणे उत्तम. अधिक-उणे दहाच्या आत असल्यास बहुधा चिंता नको. त्यापुढे गेल्यास शोध घ्यावा. आपल्या प्रकरणात उभ्या गाडीत बेरीज अधिक २२ निघाली. रेस देऊन फेरे २५०० वर स्थिर ठेवले, तेव्हा ती अधिक ५ वर आली.

याचा अर्थ असा. मीटरच्या पुढे कोठे तरी फट आहे व तीतून न मोजलेली हवा आत शिरते. इंजिन मंद चालत असता एकंदर हवा थोडी असते, म्हणून फटीतील हवेचे प्रमाण मोठे भासते. रेस दिल्यावर मोजलेली हवा पुष्कळ येते, तेव्हा तेवढीच फट नगण्य ठरते. पाटाला पाणी थोडे असता खेकड्याच्या बिळाने ते निम्मे जाते, आणि पाट भरून वाहत असता तेच बीळ जाणवत नाही, तसे हे आहे. शोध घेता ब्रीदरची रबरी नळी वळणावर खालच्या अंगाने तडकलेली सापडते. दोष त्या नळीचा. बळी गेला सेन्सरचा.

उलट, उभ्या गाडीत आकडा ठीक व रेस देताच किंवा चढावर वाढत असेल, तर फट नसून इंधनाचा पुरवठा अपुरा आहे, किंवा हवेचा मीटर धुळीने माखून कमी मोजतो आहे, असा संशय घ्यावा. पेट्रोलचा दाब मोजावा. मीटर त्यासाठीच्या विशेष फवाऱ्याने स्वच्छ करावा, फडक्याने पुसू नये.

एक सावधगिरी येथे नमूद करणे अवश्य आहे. पुष्कळ लहान गाड्यांत हवेचा मीटर नसतो. त्याऐवजी इनटेक नळीतील दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. अशा गाडीत फटीमुळे ट्रिम तितके न वाढता उभ्या गाडीचे फेरेच वाढलेले दिसतात. आपल्या गाडीत कोणती योजना आहे, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरे उदाहरण : पी ०३०३

‘पी ०३०१’ पासून ‘पी ०३०४’ पर्यंतचे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरात ज्वलन चुकत असल्याचे सांगतात. ‘पी ०३०३’ आला, तर तिसऱ्या सिलिंडरास ठिणगी, पेट्रोल व दाब या तिहींपैकी काही तरी नीट मिळत नाही. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र इग्निशन कॉइल असते, तेथे एक परीक्षा विनाखर्चाची आहे. इंजिन बंद व थंड असता तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर व पहिल्याची तिसऱ्यावर बसवावी, कोड टिपून पुसावा, व गाडी फिरवून आणावी. कोड आता ‘पी ०३०१’ असा आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. म्हणजे कॉइलच दोषी. ‘पी ०३०३’ च राहिला, तर कॉइल निर्दोष. मग तशीच अदलाबदल स्पार्क प्लगची करावी. त्यानेही दोष न हलल्यास इंजेक्टर, व शेवटी सिलिंडरातील दाब मोजावा. दोन साक्षीदारांच्या जागा बदलून खरेखोटे करण्याचाच हा मार्ग आहे, आणि त्यात नवा भाग विकत घ्यावा लागत नाही.

तिसरे उदाहरण : पी ०४२०

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसे काम करीत नाही, असे हा कोड सांगतो. त्याच्या अलीकडे व पलीकडे एकेक प्राणवायूचा सेन्सर असतो. जुन्या धाटणीच्या सेन्सरात अलीकडच्याचा दाब सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर चांगला असता पलीकडचा बहुतांशी स्थिर राहतो. दोन्ही सारखेच नाचू लागले म्हणजे कन्व्हर्टर निकामी झाल्याचा संशय येतो.

परंतु तो बदलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. सायलेन्सरच्या जोडांत सेन्सरच्या आसपास गळती आहे काय? मागे ज्वलन चुकल्याचे कोड येऊन गेले काय? इंजिन ऑईल जाळते काय? गळती असल्यास बाहेरची हवा शिरून सेन्सर फसतो, व साधी वेल्डिंग किंवा गॅस्केट पुरते. दुसऱ्या वा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास, ते मूळ कारण तसेच ठेवून बसविलेला नवा कन्व्हर्टरही जुन्याच्या वाटेने जातो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

शेतावरील गाडीची खास कारणे

शहरातील गाडीस नसतात अशी काही कारणे आपल्या गाडीस असतात.

उंदीर : गाडी धान्याच्या खोलीजवळ किंवा वैरणीच्या गंजीपाशी उभी असते. उबेसाठी उंदीर बॉनेटखाली शिरतात व वायरी कुरतडतात. अर्धवट तुटलेली वायर खड्ड्यात गाडी आदळली की सुटते व पुन्हा जुळते. म्हणून दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. इंजिन चालू असता, फिरणाऱ्या पट्ट्यांपासून हात दूर ठेवून, वायरींचा जुडगा एकेका ठिकाणी हळूच हलवावा. जेथे हलविता इंजिनाचा आवाज बदलतो तेथे दोष.

पाणी : दिवा केवळ पावसाळ्यात वा गाडी धुतल्यावर लागत असेल, तर प्लगच्या खोबणीत ओल शिरते. हिरवट गंज दिसल्यास स्वच्छ करून रबरी आवरण नीट बसवावे. इंजिनावर जोराचा फवारा मारू नये.

धूळ : कच्च्या रस्त्याच्या व ऊसतोडणीच्या दिवसांत एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपूर्वीच भरतो. त्याची तपासणी किलोमीटरवर न सोडता हंगामावर ठेवावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल : आपल्याच उसापासून निघालेले इथेनॉल आता आपल्याच गाडीत येते. दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२२ मध्ये गाठले, व २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलच्या एका भागास सुमारे ९ भागच पुरते. म्हणून दहाचे मिश्रण जाऊन वीसचे आले, की तेवढ्याच हवेस सुमारे तीन-चार टक्के इंधन अधिक द्यावे लागते. निरोगी गाडी हा फरक ट्रिमने सहज भरून काढते. पण बारीक फटीमुळे वा चोंदलेल्या फिल्टरमुळे जिचे ट्रिम आधीच मर्यादेच्या काठावर होते, तिचा दिवा या फरकाने लागतो. सर्व दोष पेट्रोलवर ढकलून स्वस्थ बसू नये. काठावर कशाने नेले ते पाहावे. गाडी वीस टक्क्यांच्या मिश्रणास योग्य आहे की नाही, हे पुस्तिकेत पाहून त्याप्रमाणे रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावे. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून महिनोन्महिने टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नये.

डिझेल गाडी : भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडीत धुरातील काजळी अडविणारा डी.पी.एफ. नावाचा गाळ असतो. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश उष्णतेवर जाळून तो स्वतः साफ होतो. पण त्यास मोकळ्या रस्त्यावरील सलग धाव लागते. गाव ते मळा एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती उष्णता येत नाही, काजळी साठते व दिवे लागतात. आठवड्यातून एखादी सलग धाव पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे द्यावी. साफसफाई चालू असता मध्येच इंजिन बंद करू नये. अशा धावेनंतर गाडी पाचटावर, कडब्यावर किंवा वाळल्या गवतावर कदापि उभी करू नये. पेट्रोल गाडीचा कन्व्हर्टरही असाच तापतो. उभे पीक व गाडी दोन्ही एकाच ठिणगीस बळी पडतील.

युरिया : काही डिझेल गाड्यांस ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत लागते. घरात खताचे पोते आहे म्हणून ते पाण्यात कालवून ओतण्याचा मोह कोणास होईल, तर तो आवरावा. खताच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो व इतर अशुद्ध द्रव्येही असतात. त्यांनी ती सर्व यंत्रणा चोंदून निकामी होते. शिवाय खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये शेतीच्या खताचा असा उपयोग करण्यास मनाई आहे.

पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा म्हणजे दिवा जाईल, असा एक सल्ला सर्वत्र ऐकू येतो. तो मुख्यत्वे अमेरिकेतील गाड्यांचा आहे, कारण टाकीतील वाफेची गळती तेथील गाड्या तपासतात. झाकण घट्ट असावे हे खरेच. पण त्यावर विसंबून चौकशी थांबवू नये.

निकालाची खात्री व वही

दुरुस्ती झाली म्हणजे प्रकरण मिटले असे धरू नये. फ्रीझ फ्रेममध्ये ज्या स्थितीत दोष उमटला होता, त्याच स्थितीत गाडी चालवून पाहावी. उभ्या गाडीत तापल्या इंजिनावर उमटला असेल, तर तसेच उभे करून ट्रिम पाहावे. चढावर उमटला असेल, तर त्याच घाटात जावे. स्कॅनरवर ‘रेडिनेस’ या सदराखाली सर्व तपासण्या पूर्ण झाल्याचे दिसावे. त्या अपूर्ण असताना दिवा नाही, यास काही अर्थ नाही. पहिल्या उदाहरणातील गाडीत नळी बदलल्यावर ट्रिम शून्याजवळ आले, तपासण्या पूर्ण झाल्या व दिवा नाही, तर निकाल लागला असे म्हणावे.

गाडीत एक वही ठेवावी व तीत सात रकाने आखावे : तारीख, किलोमीटर, कोड, फ्रीझ फ्रेम, त्या वेळचे हवामान व पेट्रोल कोठे भरले, केलेले काम, खर्च. तिसऱ्या खेपेस ही वही उघडली की जे तोंडी सांगून कळत नाही ते दिसते. उदाहरणार्थ, प्रत्येक वेळी पावसानंतरच दिवा लागला, किंवा प्रत्येक वेळी गाडी थंड असतानाच लागला. दुरुस्तीपूर्वी पावतीवर कोड लिहून मागावा, कोणत्या परीक्षेवरून भाग दोषी ठरविला हे विचारावे, व काढलेला जुना भाग परत घ्यावा. प्रामाणिक कारागिरास यात राग येण्याचे कारण नाही. उलट त्यास अशी टिपणे मिळाल्यास त्याचे अर्धे श्रम वाचतात. परीक्षेस लागलेल्या वेळाचे पैसे मात्र खळखळ न करता द्यावे. शोधाचे पैसे द्यावयाचे नाहीत असा आपला आग्रह असेल, तर भाग विकूनच पोट भरण्याची पाळी आपण त्याजवर आणतो.

जुनी गाडी घेताना

हेच ज्ञान जुनी गाडी खरेदी करताना उपयोगी पडते. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्यापूर्वी ‘चेक इंजिन’ दिवा लागलाच पाहिजे व इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर कोणी तरी त्याचे तोंड बांधले आहे असे समजावे. दिवा योग्य रीतीने लागून विझतो, पण स्कॅनरवर बहुतेक तपासण्या अपूर्ण दिसतात, तर कोड नुकतेच पुसले असण्याचा किंवा बॅटरी नुकतीच काढली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी बयाणा देण्याची घाई करू नये. मालकासमक्ष दोन-तीन दिवस गाडी निरनिराळ्या वेगाने चालवून पुन्हा पाहावी. जमीन घेताना फेरफाराच्या नोंदी पाहिल्याशिवाय आपण सही करीत नाही. येथेही त्यापेक्षा कमी खबरदारी घेऊ नये.

एकंदरीत, पुनःपुन्हा लागणारा दिवा हा हट्टी नसतो. त्याचे म्हणणे कोणी पुरते ऐकलेले नसते. कोड टिपावा, स्थिती टिपावी, फुकटच्या परीक्षा आधी कराव्या, सिद्ध झालेलाच भाग बदलावा, व त्याच स्थितीत पुन्हा खात्री करावी. या पाच गोष्टी सांभाळल्या असता गाडीवरील खर्च आटोक्यात राहील, आणि अडल्या रात्री दवाखान्याची वाट धरण्याचा प्रसंग आलाच, तर गाडी दगा देण्याचे भय पुष्कळ कमी होईल.